पारावरची सभा आणि पाण्याचा हिशेब

पेशवाईच्या अखेरीनंतर जिंकलेल्या मुलखाविषयीं मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं गव्हर्नर जनरलकडे जो अहवाल पाठविला, त्यांत दक्षिणेंतील प्रत्येक गांव म्हणजे आपल्यापुरतें एक लहानसें राज्यच आहे, अशा आशयाचें वर्णन आहे. वरचें सरकार नाहींसें झालें तरी गांव आपल्या माणसांचें रक्षण करूं शकेल, असें त्यास वाटलें. या वर्णनाचा पुढें शंभर-सव्वाशें वर्षें मोठा बोलबाला झाला. परकी राज्य ज्यांस नकोसें झालें होतें, त्यांनीं त्यांतून ग्रामस्वराज्याचें चित्र काढलें. गांवगाड्याचा जाच ज्यांनीं सोसला होता, त्यांनीं 'हें राज्य कोणाचें?' असा उलट प्रश्न केला. दोन्ही पक्षांचे ग्रंथ आणि भाषणें पुष्कळ आहेत. आम्हांस येथें हा प्रश्न एकाच जिल्ह्यापुरता पाहावयाचा आहे. आपल्या गांवाचें पुढें काय करावयाचें, हें नगर जिल्ह्यांतील लोकांनीं निरनिराळ्या काळीं कोणत्या रीतीनें ठरविलें, आणि तें ठरवितांना कोणास बरोबर घेतलें?

नगर जिल्हा, ज्याचें सरकारी नांव २०२४ पासून अहिल्यानगर असें झालें आहे, तो क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा. आणि त्याचे दोन भाग एकमेकांस अनोळखी वाटावेत इतके निराळे आहेत. उत्तरेस प्रवरा-गोदावरीचें खोरें, १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण, त्याचे कालवे, उंसाचे मळे आणि १९५० च्या अखेरीस लोणीजवळ सुरू झालेला सहकारी साखर कारखाना. दक्षिणेस पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड हे पर्जन्यछायेंतील तालुके; मुरमाड माळ, उघडे डोंगर आणि लहरी पाऊस. जेथें पाणी कालव्यानें येतें, तेथें त्याचा हिशेब पाटबंधारे खात्याच्या दप्तरांत राहतो. जेथें तें केवळ आभाळांतून येतें, तेथें तो हिशेब गांवानें आपापसांतच करावा लागतो, किंवा मग कोणीच करीत नाहीं. आमच्या विषयाचा जीव या दुसऱ्या प्रकारच्या गांवांत आहे.

जुन्या गांवाचा कारभार पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बारा बलुतेदार यांच्या हातीं असे, हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु कारभार निराळा आणि निर्णय निराळा. वतनाचा तंटा, शिवेचा वाद, ओसाड पडलेल्या गतकूळ जमिनीची वासलात, असले प्रश्न एकट्या पाटलानें मिटविले तर ते मिटलेले राहत नसत. त्यांस गोताची साक्ष लागे. म्हणून गोतसभा भरे, दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकलें जाई, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर मोठ्या वतनदारांच्या शिक्क्यांबरोबर गांवच्या सामान्य हक्कदारांच्या निशाण्याहि असत. लिहितां न येणारा पाटील नांगर काढी. कारागीर आपापल्या धंद्याचें हत्यार काढीत. गांवच्या महाराचीहि निशाणी त्यावर असे, आणि शिवेच्या वादांत तर त्याची साक्ष फार मोलाची मानीत. ज्यास पारावर बरोबरीनें बसण्याची मुभा नव्हती, त्याच्या शब्दावर गांवाची शीव ठरे! स्त्रिया, एखादी वतनदार विधवा सोडल्यास, या चित्रांत दिसतच नाहींत. साक्षीस सर्वांस बोलवावयाचें, पण प्रश्न कोणता मांडावयाचा हें थोड्यांनींच ठरवावयाचें, अशी ती रीत होती. तिचें गुणगान करणारांनीं महजराच्या तळाची निशाण्यांची रांग पाहिली. कोण कोठें बसून ती काढीत होता, हें फारसें पाहिलें नाहीं.

पाण्याच्या बाबतींत याहून एक पायरी पुढची व्यवस्था शेजारच्या धुळें-नाशिक भागांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर होती. तिला फड पद्धति म्हणतात. बंधाऱ्याखालील सारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. कोणत्या फडांत यंदा कोणतें पीक घ्यावयाचें हें बागाइतदारांनीं मिळून ठरवावयाचें. आणि एकदां ठरलें म्हणजे त्या फडांतील प्रत्येकानें तेंच पीक लावावयाचें. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागले, आणि त्यांचा मुशाहिरा सर्वांकडून. आपल्या शेतांत आपण काय पेरावें हें दुसऱ्यांनीं ठरवावें, ही कल्पना आजच्या शेतकऱ्यास चमत्कारिक वाटेल. पण पाणी एकच असल्यामुळें पिकाचा निर्णयहि एकत्रच करावा लागतो, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें नगर तालुक्यांतील एका गांवीं ती पुन्हां भेटणार आहे.

इंग्रजी अमलांत गांवाचें हें एकत्रपण ढासळलें. त्याचें कारण जुलूम म्हणण्यापेक्षां हिशेबाची नवी पद्धति, हें अधिक खरें आहे. १८३६ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत जी जमीनपाहणी लागू केली, ती हळूहळू दख्खनभर पसरली, आणि साऱ्याची बोली गांवाशीं न राहतां एकेका खातेदाराशीं झाली. सारा नगद भरावयाचा म्हणजे सावकार आलाच. १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडींतील सुप्यास जो दंगा उसळला, तो बघतां बघतां पारनेर, श्रीगोंदें, नगर, कर्जत या तालुक्यांत पोहोंचला. ठिकठिकाणीं सावकारांचीं कर्जखतें जाळण्यांत आलीं. इतिहासकार या जाळपोळीचीच आठवण ठेवतात. आम्हांस तिच्या आधींची हकीकत अधिक बोलकी वाटते. पारनेरच्या सरहद्दीपलीकडील शिरूर तालुक्यांत, करडे या गांवीं, आदल्या वर्षाच्या अखेरीस लोकांनीं सावकारावर बहिष्कार घातला होता. त्याचें शेत कोणीं करावयाचें नाहीं, न्हाव्या-परटानें त्याचें काम करावयाचें नाहीं, असा तो निर्बंध. म्हणजे खातीं वेगळीं झालीं तरी एकत्र ठरविण्याची आणि तें पाळण्याची शक्ति गांवांत शिल्लक होती. मात्र तिचें एकमेव हत्यार बहिष्कार हेंच होतें. आणि तेंच हत्यार हीं गांवें आपल्याच वेशीबाहेरच्या वस्तीवर, तेथील लोकांनीं डोकें वर काढलें कीं, किती सहज उचलीत, हेंहि विसरून चालणार नाहीं.

१९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या ग्रंथांत जुन्या व्यवस्थेचा हिशेब प्रथमच निर्दयपणें मांडलेला आहे. त्यांचा रोख कुणब्यावर पडणाऱ्या बोजावर होता. दुसरा हिशेब डॉ. आंबेडकरांनीं मांडला. १९२० च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत ग्रामपंचायतींचा आरंभ झाला होता. तो विस्तारणारें विधेयक १९३२ सालीं कायदे कौन्सिलांत आलें, तेव्हां त्यांनीं त्यास कडाडून विरोध केला. जातींनीं दुभंगलेल्या गांवांत नुसत्या प्रौढ मतदानानें अस्पृश्यांस न्याय मिळणार नाहीं, त्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी कायद्यांतच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९४८ मध्यें घटना समितींतहि त्यांनीं गांवाच्या स्तोत्रपाठकांची गय केली नाहीं. पुष्कळांस तें बोलणें कडवट वाटलें. परंतु ग्रामसभेचा पुढचा सारा इतिहास त्यांच्या आक्षेपास दिलेलें उत्तर म्हणूनच तपासला पाहिजे, असें आमचें मत आहे. तें उत्तर कोठें पुरें झालें आणि कोठें अपुरें राहिलें, एवढाच खरा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानें गांवांतील सर्व मतदारांची सभा कायद्यांत आणली. १९९३ च्या एप्रिलमध्यें अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तिला घटनेचा आधार दिला, दलित-आदिवासींस लोकसंख्येच्या प्रमाणांत आणि स्त्रियांस एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. कागदावर आंबेडकरांची अट पुरी झाली. प्रत्यक्षांत मात्र ग्रामसभेस एक चोरदरवाजा ठेवलेला आहे. सभेच्या कोरमास शंभर मतदार किंवा एकूण मतदारांचे शेंकडा पंधरा, यांतील जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरली तर सभा तहकूब करावयाची, आणि तहकूब सभेस कोरमाची गरज नाहीं. वाचकांपैकीं जे खेड्यांत वाढले असतील त्यांस पुढचें सांगावयास नको. गांवाच्या नांवावर ठराव चढतात, आणि ते गांवास नंतर ऐकूं येतात.

अशा स्थितींत नगर जिल्ह्यांतील दोन गांवांनीं ग्रामसभा हा शब्द महाराष्ट्रभर नेला. पहिलें पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी. सैन्यांतून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ सालीं गांवीं परत आले. यादवबाबांच्या पडक्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून कामास आरंभ झाला. मग ओढ्यांवर बांध, पाझर तलाव, सामुदायिक विहिरी, शाळा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री या गांवानें रूढ केली. पुढें १९९० नंतरच्या सरकारी आदर्श गांव योजनेनें तीच उचलली. पाणलोटाची दृष्टि हजारे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे यांच्या पाणीपंचायतीकडून घेतली. त्या पाणीपंचायतीचे दोन नियम विशेष होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें, आणि त्यांत भूमिहीनाचाहि हक्क धरावयाचा. शिवाय उंस लावावयाचा नाहीं. आमच्या मतें गेल्या शतकांत मराठी मुलखानें पाण्याविषयीं केलेला हा सर्वांत धाडसी विचार होय. राळेगणानें त्यांतलें पाणलोटाचें तंत्र घेतलें. भूमिहीनाच्या पाणीहक्काचें तत्त्व मात्र तितक्या जोरानें पुढें गेलें नाहीं, ना राळेगणास ना इतरत्र.

राळेगणाविषयीं लिहितांना आणखी एक गोष्ट टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. दारूबंदीच्या काळांत दारू पिणारांस देवळासमोरील खांबास बांधून मारल्याचें हजारे यांनीं स्वतःच सांगितलें आहे, आणि आईच्या मायेचा दाखला देऊन त्याचें समर्थनहि केलें आहे. दारूनें उध्वस्त झालेल्या घरांतील बायकांस त्या वेळीं काय वाटलें असेल, याची कल्पना करतां येते. त्यांच्या सुटकेचा आनंद खोटा नव्हता. पण खांबास बांधलेला माणूस हाहि त्या सभेचा सभासद होता. सभा आणि पंचाचा चाबूक यांतली रेषा येथें पुसट झाली. आणि जुन्या गांवकीचें बहिष्काराचें हत्यार नव्या वेषांत परत आलें, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं.

दुसरें गांव हिवरे बाजार, नगर शहरापासून सुमारें सोळा-सतरा कोसांवर नव्हे, तितक्याच किलोमीटरांवर. पैलवानांचें गांव म्हणून त्याची जुनी ख्याति. १९७२ च्या दुष्काळानें तें खचलें. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसें मजुरीसाठीं बाहेर पडूं लागलीं. १९८९ सालीं पोपटराव पवार हा शिकलेला तरुण तेथें बिनविरोध सरपंच झाला. ग्रामसभेंत गांवाच्या अडचणींची यादी करून क्रम लावण्यांत आला. १९९४ सालीं गांव आदर्श गांव योजनेंत आलें. डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले. हा सारा भाग राळेगणाच्या वळणाचा आहे, आणि तो पुष्कळांनीं लिहिला आहे. हिवरे बाजाराचें खरें वैशिष्ट्य पाणी अडविल्यानंतरच्या कामांत आहे.

दख्खनच्या काळ्या कातळांत पाणी सांठतें तें वरच्या झिजलेल्या मुरमांत आणि खडकाच्या फटींत. तो सांठा उथळ आणि एकमेकांस जोडलेला असतो. अशा ठिकाणीं एकानें खोल विंधण घेतलें कीं शेजारच्या चार विहिरी बसतात. पाणलोटाचीं कामें होऊन भूजल वाढलें, आणि तेवढ्यानेंच हुरळून जाऊन लोकांनीं उंस लावला, विंधणविहिरी घेतल्या, आणि पांच-दहा वर्षांत गांव पुन्हां टँकरवर आलें, अशीं गांवें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. हिवरे बाजाराच्या ग्रामसभेनें शेतीसाठीं विंधणविहीर घ्यावयाची नाहीं, उंस-केळीसारखीं पिकें लावावयाचीं नाहींत, बाहेरच्या माणसास जमीन विकावयाची नाहीं, असे ठराव केले. आणि दरवर्षीं पावसाळा सरला म्हणजे पाण्याचा ताळेबंद सभेपुढें मांडण्याची रीत पाडली. गांवच्या पर्जन्यमापकावर किती पाऊस झाला, विहिरींची पातळी काय, त्यावरून यंदा पाणी किती. त्यांतून प्रथम माणसांचें आणि जनावरांचें पिण्याचें बाजूस काढावयाचें. उरलेल्यांत रब्बीस कोणतें पीक आणि उन्हाळी घ्यावयाचें कीं नाहीं, हें ठरवावयाचें. पाऊस कमी तर गहू कमी. फडांतील बागाइतदार जें नदीच्या वाहत्या पाण्याविषयीं करीत होते, तें येथें जमिनीखालच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या पाण्याविषयीं होऊं लागलें.

या ताळेबंदाचें महत्त्व केवळ शेतकी नाहीं. सभेंत जेव्हां वाद मनुष्याच्या शब्दावर चालतो, तेव्हां ज्याचा आवाज मोठा, किंवा ज्याची जमीन मोठी, त्याचा शब्द चालतो. आंकडा फळ्यावर लिहिलेला असला म्हणजे चार गुंठ्यांच्या धन्यासहि विचारतां येतें कीं, पाणी एवढेंच असतां अमक्याच्या मळ्यांत तें कोठून आलें? हा ठराव मोडणारास खांबास बांधावें लागत नाहीं. आंबेडकरांच्या आक्षेपाचें हें पुरें उत्तर नव्हे. ज्यास जमीनच नाहीं, त्याचें नांव त्या ताळेबंदांत पिण्याच्या पाण्यापुरतेंच येतें. तथापि सभेच्या इतिहासांत हा बदल मोठा आहे, एवढें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

चराईबंदीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न संगमनेर तालुक्यांतील पठारावर अधिक स्पष्टपणें पुढें आला. हा तालुका उत्तरेकडील खरा. पण त्याचें पठार कालव्यांच्या वर राहिलेलें, म्हणून दक्षिणेइतकेंच कोरडें. तेथें म्हसवंडी, दरेवाडी वगैरे गांवीं भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचीं कामें झालीं. हा कार्यक्रम १९९० नंतर उभा राहिला, तो फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूच्या प्रयत्नानें. त्यांची कामाची रीत अशी कीं, गांवानें आधीं कांहीं दिवस श्रमदान करून आपली तयारी दाखवावयाची, ग्रामसभेनें पाणलोट समिति नेमावयाची, आणि आराखडा कचेरींत न काढतां तंत्रज्ञानें शेतकऱ्याबरोबर, शक्य तेथें नवराबायको दोघांबरोबर, गट नंबरवार शेतांत उभें राहून काढावयाचा. बांध येथें नको, तेथें पाहिजे. येथें दगड आहे, तेथें पाणी तुंबतें. असें जें ज्ञान शेतकऱ्याच्या टाचेंत असतें, तें अशा रीतीनें कागदावर उतरतें. पण डोंगर बंद केला म्हणजे पहिला घाव शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरावर पडतो. त्याचें शेत नाहीं, म्हणून त्याच्याबरोबर उभें राहून आराखडा काढावयास गट नंबरहि नाहीं. वरच्या कुरणांत वाढलेल्या पाण्याचा लाभ खालच्या विहिरवाल्यास, आणि बंदी वरच्या मेंढपाळास, हें त्रैराशिक ज्या गांवांनीं आधीं सोडविलें, कापून नेण्याच्या गवतांत किंवा मजुरीच्या कामांत त्या घरांचा वाटा आधीं बांधून दिला, तेथें बंदी टिकली. इतरत्र रात्रीं कळप डोंगरावर दिसत.

फादर बाखर यांच्या मायदेशांतहि गांवसभेची परंपरा फार जुनी आहे. ग्लारुस आणि आप्पेनझेल येथें नागरिक उघड्या मैदानांत जमून हात वर करून कायदे ठरवितात, आणि लोकशाहीच्या पुस्तकांत त्याचीं चित्रें असतात. त्यांपैकीं आप्पेनझेलच्या अंतर्भागांत स्त्रियांस या मैदानावर मताचा अधिकार १९९० सालीं मिळाला, तोहि सभेनें दिला नाहीं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें द्यावयास लावला. जुन्या सभा आपलें वर्तुळ आपण होऊन क्वचितच रुंदावतात, यांत आपलीं खेडीं एकटीं नाहींत.

या सर्वांत एक शब्द वारंवार येतो, 'बिनविरोध'. राळेगण आणि हिवरे बाजार या दोन्ही गांवांचा तो दीर्घकाळ अभिमानाचा विषय होता, आणि त्याचें कारणहि समजण्यासारखें आहे. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनें भाऊबंदकी पेटते, पाण्याच्या पाळीपासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत गट पडतात. आणि ज्या गांवास एकत्र चर खोदावयाचे आहेत, त्यास हें परवडत नाहीं. परंतु हात वर करून झालेल्या एकमतांत गप्प बसलेला माणूसहि मोजला जातो, आणि तो पटून गप्प बसला कीं भिऊन, हें मोजण्याचें साधन त्या सभेजवळ नसतें. गुप्त मतदानाचा आग्रह धरला जातो, तो याच कारणासाठीं.

१५ जानेवारी २०२१ रोजीं राज्यांतील हजारों ग्रामपंचायतींचें मतदान झालें. राळेगणास निवडणूक बिनविरोध करण्याची खटपट झाली, ती फसली. हिवरे बाजारासहि तीस वर्षांनंतर प्रथमच विरोधी उमेदवार उभे राहिले, आणि गांव मतपेटीपुढें रांगेंत उभें राहिलें. तीन दिवसांनीं निकाल लागला. पोपटराव पवार यांच्या बाजूचे सातहि उमेदवार निवडून आले. ठरावांस आणि ताळेबंदास गांवाची मान्यता आहे, हें त्यामुळें प्रथमच गुप्त मतानें सिद्ध झालें. आणि न मानणारे किती आहेत, हेंहि त्या दिवशीं, तीस वर्षांत प्रथमच, गांवास आंकड्यानें कळलें.